दाताच्या उपचारांची भीती: गोळी, गॅस, शिरेतलं इंजेक्शन की पूर्ण भूल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ५६, मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू. खालच्या एका दाढेचं रूट कॅनाल करायचं आहे आणि शेजारची दाढ काढायची आहे. खुर्चीवर बसलं की घाम फुटतो, हात थरथरतात, आणि दोन वेळा त्या उपचार अर्धवट टाकून उठून आल्या. डॉक्टरांनी चार पर्याय सांगितले आहेत: झोपेची गोळी, नाकातून गॅस, शिरेतून इंजेक्शन, नाहीतर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल. यातला कोणता घ्यावा?

आधी उत्तर, मग कारणं. आईंसाठी पहिली पसंती गॅसला. मात्र त्याआधी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, आणि या वेळी दाढ खरोखर बधीर होईल अशी तजवीज डॉक्टरांशी बोलून ठरवा. गॅसने भागलं नाही तर शिरेतून मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध, तेही भूलतज्ज्ञ शेजारी उभा असताना. दोन दाढांसाठी पूर्ण भूल लागू नये.

सगळ्यात मोठा गैरसमज पहिल्यांदा दूर करायला हवा. गुंगीचं औषध दात बधीर करत नाही. मिडाझोलॅम किंवा डायझेपाममुळे वेदना जराही कमी होत नाही. गॅसने थोडी होते, पण दाढ काढण्याइतकी नाही. हिरडीत किंवा जबड्यात दिलेलं इंजेक्शन नीट लागलं नसेल तर गुंगीतला माणूस हलतो, कण्हतो, डोकं फिरवतो. समोरच्याला वाटतं गुंगी कमी पडली, म्हणून औषध वाढवलं जातं. दाताच्या खुर्चीवर गुंगीचे अपघात या वाटेने होऊ शकतात. वेदनेला उत्तर बधीर करणं हेच आहे. गुंगी भीतीसाठी.

म्हणून अर्ध्यातून उठण्याचं नेमकं कारण आधी शोधा. सुईची भीती, एअरोटरच्या (दात कोरायच्या यंत्राच्या) आवाजाची भीती, तोंडात पाणी साचून गुदमरण्याची भीती, ओकारी येण्याची भीती आणि मागे खरंच दुखलं होतं त्याची धास्ती, या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. भीती मोजायला पाच प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात: उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे, बाहेर नंबरची वाट बघता आहात, दात कोरणार आहेत, दात साफ करणार आहेत, सुई टोचणार आहेत, प्रत्येक वेळी किती घाबरता? प्रत्येकी १ ते ५ गुण. बेरीज १९ किंवा जास्त आली तर भीती तीव्र समजायची. बेरजेपेक्षाही कोणत्या प्रश्नाला ५ मिळाले ते पाहणं जास्त उपयोगाचं. फक्त सुईच्या प्रश्नाला ५ असतील तर हिरडी कापसाने कोरडी करून त्यावर बधिरीकरणाचं जेल पूर्ण २ मिनिटं ठेवणं आणि औषध मिनिटाला १ मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने न सोडणं, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. दात कोरण्याच्या प्रश्नाला ५ असतील आणि भीती आवाजाची असेल तर कानात हेडफोन. आणि प्रत्येक रुग्णाशी डावा हात वर करण्याची खूण ठरवायची. हात वर झाला की डॉक्टर थांबणारच, हे पहिल्या दहा मिनिटांत एकदा प्रत्यक्ष करून दाखवायचं. ‘थोडंच राहिलंय, सहन करा’ असं एकदा जरी म्हटलं तरी ती खूण निकामी होते.

आता खालच्या दाढेबद्दल. ठणकणारी खालची दाढ बधीर करणं हे दंतवैद्यकातलं सर्वांत अवघड बधिरीकरण आहे. जबड्याच्या मागच्या बाजूला दिलेल्या इंजेक्शनने ओठ जड होतो, पण ओठ जड झाला म्हणजे दाताची आतली नस बधीर झाली असं नाही. नस सुजलेली असेल तर पुष्कळदा होतच नाही. म्हणून १० ते १५ मिनिटं थांबायचं, मग त्या दाढेला थंड स्प्रेचा कापूस लावून पाहायचं. झणका आला तर एअरोटर हातात घ्यायचा नाही. ४ टक्के आर्टिकेन हे बधिरीचं औषध गालाच्या बाजूने द्यायचं, किंवा दात आणि हाडाच्या मधल्या फटीत प्रत्येक मुळाशी ०.२ मिलिलिटर. एक तास आधी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेतल्यानेही अशा दाढेत बधिरी चांगली लागते. पण मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते चालत नाही, तेव्हा आईंच्या फिजिशियनना विचारल्याशिवाय नको. दोन वेळा उठून येण्यामागे हेच कारण असण्याची शक्यता मला जास्त वाटते. खुर्चीवर खरोखर दुखलेल्या माणसाला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे.

गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्ड इथे होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. त्या काळी तो ऑक्सिजन न मिसळताच देत, त्यामुळे माणूस निळा पडायचा. आजच्या दातांच्या मशीनमध्ये ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही, आणि ऑक्सिजनचा पुरवठा थांबला तर नायट्रस आपोआप बंद होतो. चारही पर्यायांमध्ये याला पहिली पसंती देण्याचं मुख्य कारण असं की हा वायू रक्तात फारसा विरघळत नाही. चढतो ३ ते ५ मिनिटांत, उतरतोही तितक्याच वेगाने, आणि दर मिनिटाला कमी-जास्त करता येतो. गिळलेल्या गोळीचं तसं नाही.

पद्धत अशी. नाकावर मास्क बसवून मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण ६ लिटर शुद्ध ऑक्सिजन २ ते ३ मिनिटं द्यायचा. मशीनची रबरी पिशवी श्वासाबरोबर हलली पाहिजे. चपटी पडली तर प्रवाह कमी आहे, टम्म फुगून राहिली तर जास्त आहे, आणि हललीच नाही तर रुग्ण तोंडाने श्वास घेतोय किंवा मास्क गळतोय. मिशी आणि चष्मा ही गळतीची नेहमीची कारणं. मग नायट्रस २० टक्के, आणि त्यानंतर दर १ ते २ मिनिटांनी ५ ते १० टक्के वाढ. ३० टक्क्यांवर म्हणजे ६ लिटरपैकी १.८ लिटर नायट्रस आणि ४.२ लिटर ऑक्सिजन. बहुतेक मोठी माणसं ३० ते ४० च्या मध्ये निवांत होतात. ५० च्या वर दवाखान्यात जाऊ नये.

कुठे थांबायचं हे आकडा सांगत नाही, रुग्ण सांगतो. बोटांच्या टोकांना आणि ओठांना मुंग्या, पाय जड, अंगात ऊब, आवळलेल्या मुठी सुटलेल्या, खांदे खाली आलेले, डोळे उघडे पण पापण्यांची हालचाल मंद, विचारलेल्याला नीट उत्तर. इथेच थांबायचं. याच्या पुढे गेलं की रुग्ण असंबद्ध बोलतो किंवा हसतो, नजर एका जागी लागते, घाम येतो, तोंड सारखं मिटायला लागतं, आणि त्यानंतर उलटी. ‘तोंड उघडा’ असं तिसऱ्यांदा सांगावं लागलं की लगेच १० टक्के कमी करायचं. सुई टोचून झाली, बधिरी लागली की तसाही २० ते २५ वर आणता येतो, कारण सर्वांत भीतीचा क्षण मागे पडलेला असतो.

शेवटी किमान ५ मिनिटं शुद्ध ऑक्सिजन. हे गाळून मास्क काढला तर रक्तातला नायट्रस भराभर फुप्फुसात येऊन तिथल्या ऑक्सिजनला जागा ठेवत नाही, आणि रुग्णाचं डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. ‘मला गॅस सोसत नाही’ म्हणणाऱ्यांना शेवटी ऑक्सिजन किती वेळ मिळाला होता हे जरूर विचारावं.

दवाखान्यांसाठी दोन गोष्टी. नायट्रस सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, त्यामुळे दाबाचा काटा साधारण ७५० पीएसआयवरच राहतो आणि सिलिंडर जवळजवळ संपल्यावर एकदम कोसळतो. काटा पाहून किती उरलंय ते कळत नाही, वजन करूनच कळतं. ऑक्सिजनचा काटा मात्र खरं सांगतो. दुसरी, मास्कला उच्छ्वास ओढून बाहेर टाकणारी नळी जोडलेली हवी आणि ती खोलीबाहेर सुटायला हवी. एसी लावून खिडक्या बंद केलेल्या छोट्या खोलीत तोच वायू डॉक्टर आणि सहाय्यक दिवसभर हुंगत राहतात. सहाय्यक गरोदर असेल तर तिने त्या खोलीत थांबू नये.

गॅस कोणाला नको? नाक चोंदलेलं असेल तर उपयोगच नाही, सर्दी जाऊ द्यावी. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, दम्यापेक्षा गंभीर असा फुप्फुसांचा जुना आजार, नुकतीच कानाच्या पडद्याची किंवा डोळ्यात वायू भरून केलेली शस्त्रक्रिया, आतड्यात अडथळा, यात नको. बंद पोकळीत हा वायू शिरतो आणि ती फुगवतो. आणि बी-१२ ची कमतरता. नायट्रस बी-१२ मधल्या कोबाल्टवर परिणाम करून ते निकामी करतो. साठा भरपूर असलेल्याला तासाभराच्या गॅसने काही होत नाही. साठा आधीच तळाला असेल तर हातापायांना मुंग्या, तोल जाणं, असे मज्जासंस्थेचे त्रास सुरू होऊ शकतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही. आईंच्या बाबतीत यातल्या किती गोष्टी लागू आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पायांची आग, मुंग्या होत असतील तर ते नुसत्या साखरेमुळेच असं गृहीत धरू नका. रक्तातलं बी-१२ तपासा. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर आधी इंजेक्शनं घेऊन भरून काढा, मग गॅस. दाढ इतकं थांबू शकत नसेल तर पुढचा पर्याय घ्या.

गोळीबद्दल थोडं सविस्तर, कारण ती सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत निष्काळजीपणे तीच घेतली जाते. नेहमीच्या वापरातल्या तीन: डायझेपाम ५ ते १० मिलिग्रॅम एक तास आधी, लोराझेपाम १ ते २ मिलिग्रॅम एक ते दोन तास आधी, अल्प्राझोलॅम ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम एक तास आधी. साठीच्या पुढे यांचा अर्धा डोस. फक्त धास्तीने आदल्या रात्री झोप लागत नसेल तर रात्रीची एक छोटी गोळी खरंच उपयोगी पडते. झोप झालेला माणूस खुर्चीवर निम्मा शांत असतो.

अडचण अशी की गोळी प्रत्येकाच्या पोटात वेगळ्या वेगाने विरघळते. तासाभराने काही वाटलं नाही म्हणून दुसरी घेतली की अर्ध्या तासाने दोन्ही एकदम चढतात. म्हणून नियम साधा: त्या दिवशी दुसरी गोळी नाही, दिवस बदला. डायझेपामचा अंमल तर दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो, कारण यकृतात त्याचं ज्या द्रव्यात रूपांतर होतं तेही गुंगी आणणारं असतं आणि ते शरीरात आणखी जास्त काळ राहतं. अल्प्राझोलॅम, डायझेपाम आणि मिडाझोलॅम ही औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. तरीही शेजारच्या काकूंच्या डबीतली झोपेची गोळी घेऊन दवाखान्यात येणारी माणसं असतात. तसं करू नका, आणि केलं असेल तर खुर्चीवर बसण्याआधी डॉक्टरांना सांगा. न सांगता बसलेल्या रुग्णाला वरून आणखी गुंगी दिली जाते.

गोळीबरोबर काय चालत नाही ते लक्षात ठेवा. दाढदुखीसाठी दिली जाणारी ट्रॅमाडॉलची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि दारू ही तिन्ही श्वास मंद करतात, आणि झोपेच्या गोळीबरोबर तो परिणाम गुणाकाराने वाढतो. ट्रॅमाडॉल पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत मिसळलेलं असतं, त्यामुळे पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय कळत नाही. सर्दीच्या गोळ्याही गुंगी वाढवतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल ही औषधं मिडाझोलॅम आणि अल्प्राझोलॅमचा निचरा रोखतात, त्यामुळे नेहमीचा डोसही जास्त होतो. उलट क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असलेल्याला नेहमीच्या डोसने काहीच होत नाही, आणि तिथे डोस वाढवत नेण्याचा मोह टाळायचा. आणखी एक गोळी स्टेजवर किंवा मुलाखतीला जाण्याआधी धडधड थांबवायला घेतली जाते, प्रोप्रॅनोलॉल. दाताच्या बधिरीच्या इंजेक्शनात अॅड्रेनॅलिन असतं. प्रोप्रॅनोलॉलवर असलेल्या माणसाला ते मिळालं की रक्तदाब एकदम चढतो आणि नाडी मंदावते. दम्याच्या रुग्णाने तर प्रोप्रॅनोलॉल मनाने कधीच घेऊ नये.

घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला गोळी देताना सर्वांत जास्त विचार करायला हवा. जोरात घोरणं, दिवसा पेंग येणं, जाड मान, रक्तदाब, हे एकत्र असेल तर घरी घ्यायची गोळी नकोच. अशा रुग्णाची श्वासनलिका जागेपणी स्नायूंच्या जोरावर उघडी असते, आणि ही औषधं नेमके तेच स्नायू सैल करतात. आई घोरतात का, हे त्यांना विचारू नका. त्यांच्या खोलीत झोपणाऱ्याला विचारा.

शिरेतून मिडाझोलॅम हा खऱ्या अर्थाने प्रभावी पर्याय. २ ते ५ मिनिटांत चढतो, ३० ते ४५ मिनिटं नीट काम करता येतं, आणि त्या वेळातलं बहुतेक काही आठवत नाही. ज्यांची भीती वर्षानुवर्षांची आहे त्यांना याचा फार फायदा होतो. पण हे आठवत नसल्यामुळेच संमतीची सही आणि दाढ काढायची की ठेवायची याची सगळी चर्चा सुई टोचण्याआधी, शक्य तर आधीच्या भेटीत व्हायला हवी.

हाताच्या मागच्या शिरेत निळी, २२ गेजची व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावायची आणि काम संपून रुग्ण पूर्ण जागा होईपर्यंत ती काढायची नाही. औषध १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम अशा पातळ स्वरूपातच. धडधाकट तरुणाला पहिल्यांदा १ ते २ मिलिग्रॅम, मिनिटभर वेळ घेऊन. मग किमान २ मिनिटं थांबून १ मिलिग्रॅम, पुन्हा थांबून पुन्हा १. आईंच्या वयाला सुरुवात १ मिलिग्रॅमने आणि पुढची वाढ अर्ध्या मिलिग्रॅमने. थांबायचंही जास्त, कारण वयाबरोबर रक्ताभिसरण मंदावतं आणि औषध मेंदूपर्यंत उशिरा पोचतं. पापण्या अर्ध्या मिटल्या, बोलणं थोडं जड झालं, नावाने हाक मारल्यावर सावकाश उत्तर आलं की झालं. हाकेला उत्तर येत नसेल तर ती गुंगी राहिलेली नाही, भूल झाली आहे.

बाजारात १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असलेली छोटी अँप्युलही मिळते, आणि ५ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असलेली बाटलीही. दोन्हींवर मोठ्या अक्षरात ५ मिलिग्रॅम. चुकीची उचलली तर ‘१ मिलिलिटर दिलं’ म्हणजे पाचपट औषध गेलं. ब्रिटनमध्ये २००८ साली याच घोटाळ्यासाठी सगळ्या रुग्णालयांना सावधगिरीचा इशारा द्यावा लागला होता. दातांच्या दवाखान्यात तीव्र मात्रेची अँप्युल ठेवूच नये.

श्वास कमी पडला तर काय करायचं, हा क्रम खोलीतल्या प्रत्येकाला पाठ हवा. एअरोटर बंद. तोंडातलं पाणी सक्शनने ओढा, कापूस, गॉझ, माउथ प्रॉप सगळं बाहेर काढा. नावाने मोठ्याने हाक मारा, खांदा दाबा, खोल श्वास घ्यायला सांगा. डोकं मागे, हनुवटी वर. ऑक्सिजन. तरीही छाती हलत नसेल तर दोन्ही हातांनी जबडा पुढे ओढा, आणि अंबू बॅगने (हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीने) दर ५ ते ६ सेकंदांना एक श्वास द्या. हे चालू असताना दुसऱ्याने मिडाझोलॅमवरचा उतारा, फ्लुमाझेनिल, भरायचं: ०.२ मिलिग्रॅम १५ सेकंदांत, मग दर मिनिटाला ०.१, एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत. उतारा आधी शोधत बसायचं नाही, श्वासनलिका आधी. फ्लुमाझेनिलचा परिणाम तासाभरात संपतो आणि मिडाझोलॅम त्यापेक्षा जास्त टिकतो, म्हणून रुग्ण टक्क जागा झाला तरी पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. पुढे किमान दोन तास नजरेखाली ठेवायचा. रोज झोपेची गोळी घेणाऱ्याला फ्लुमाझेनिलने झटका येऊ शकतो, हे त्या गोळीबद्दल न लपवण्याचं आणखी एक कारण.

दात करणारा डॉक्टरच गुंगीही सांभाळतोय, अशा ठिकाणी शिरेतली गुंगी घेऊ नका. एकाचं डोकं तोंडात असताना श्वासावर लक्ष ठेवायला दुसरा प्रशिक्षित माणूस हवाच. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा श्वास थांबल्यानंतर काही वेळाने खाली येतो, आणि नाकात ऑक्सिजन चालू असेल तर आणखी उशिरा. त्यामुळे छातीची हालचाल पाहणं, आणि जिथे सोय आहे तिथे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं जास्त भरवशाचं. गडद नेलपेंट किंवा काळ्या मेंदीने ऑक्सिमीटर चुकीचं दाखवू शकतो. मग कानाच्या पाळीला लावायचा. मिडाझोलॅममुळे कधी खऱ्यासारखे वाटणारे भास होतात, म्हणून रुग्णाजवळ डॉक्टर एकटा कधीच नसावा. आईंसाठी खोलीत एक स्त्री कर्मचारी असेल असं आधीच ठरवून घ्या.

पूर्ण भूल ही मतिमंदत्व, तीव्र स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी, किंवा दहा-बारा दात किडलेल्या तीन वर्षांच्या मुलासाठी. तिथे ती योग्यच आहे आणि चांगल्या हॉस्पिटलात सुरक्षितही. दोन दाढांसाठी तेवढा धोका आणि खर्च पत्करण्याचं कारण नाही.

लहान मुलांबद्दल पालक नेहमी विचारतात म्हणून थोडं. रडणाऱ्या मुलावर गॅस चालत नाही, कारण ते तोंडाने श्वास घेतं. साधारण चार वर्षांपुढच्या, नाकाने श्वास घ्यायला तयार असलेल्या मुलाला गॅस उत्तम. त्याहून लहान किंवा जास्त घाबरलेल्याला तोंडातून मिडाझोलॅम, किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, १६ किलोच्या मुलाला ८ मिलिग्रॅम. वजन त्याच दिवशी काट्यावर करायचं, आईच्या अंदाजावर नाही. औषध अतिशय कडू असतं, मूल थुंकतं. किती पोटात गेलं हे कळत नसल्याने पुन्हा द्यायचं नाही. काही मुलं गुंगीऐवजी चिडतात, किंचाळतात, कोणाला ओळखत नाहीत. हा त्या औषधाचाच उलटा परिणाम असतो, आणि आणखी औषध दिल्याने वाढतो. बधिरीच्या औषधाचीही मर्यादा मोजायची: लिग्नोकेन किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, म्हणजे १६ किलोला ७० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं साडेतीन मिलिलिटर. ३० मिलिलिटरच्या बाटलीतून सिरिंज भरताना हे सहज ओलांडलं जातं. गुंगी आणि जास्तीचं लिग्नोकेन एकत्र आलं तर लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. घरी जाताना दोन मोठी माणसं हवीत. रिक्षात किंवा कारमध्ये पेंगणाऱ्या मुलाची मान पुढे पडली की श्वास अडतो, म्हणून एकाने फक्त त्याची मान सांभाळायची.

आता आईंच्या दिवसाची तयारी. वेळ सकाळची घ्या, पहिला नंबर. गॅस असेल तर उपाशी राहायचं नाही. दोन तास आधी हलका नाश्ता, आणि मधुमेह, रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या. शिरेतून गुंगी असेल तर घन अन्न ६ तास बंद, साधं पाणी २ तास बंद. अशा वेळी ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर घसरते, आणि गुंगीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. ती गोळी आणि मेटफॉर्मिन त्या सकाळी घ्यायचं की नाही, हे फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ यांच्याकडून लिहून घ्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही सांगा. उपाशी राहण्याआधी ते सहसा तीन दिवस बंद करतात. आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन कमी करण्याचं इंजेक्शन चालू असेल तर पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, हेही भूलतज्ज्ञाला कळायला हवं. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर, वेगळं सांगितलं नसेल तर. खुर्चीवर बसण्याआधी ग्लुकोमीटरने साखर पाहा. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी काम नको. हृदयविकारही असेल तर अॅड्रेनॅलिनची मर्यादा ०.०४ मिलिग्रॅम, आपल्याकडच्या १:८०,००० च्या औषधात ती साधारण ३.२ मिलिलिटरला संपते, त्यामुळे दोन्ही दाढा एकाच दिवशी करण्याचा आग्रह धरू नका.

सैल, आखूड बाह्यांचे कपडे, बोटांना नेलपेंट नाही. गोळी किंवा शिरेतली गुंगी असेल तर सोबत घरचं जबाबदार माणूस, आणि पुढचे २४ तास गाडी चालवणं, गॅसच्या शेगडीवर एकटीने स्वयंपाक, पैशांचे व्यवहार, कागदांवर सह्या, सगळं बंद. दुचाकीवर मागे बसूनही जायचं नाही, तोल जातो. फक्त गॅस घेतला असेल तर १५ ते २० मिनिटं बसून, उठून सरळ चालून दाखवलं की घरी.

पहिल्या भेटीत रूट कॅनालची सुरुवात करावी, दाढ काढणं दुसऱ्या भेटीला. किती टक्क्यांवर त्या शांत झाल्या, किती वेळ लागला, बधिरीला कोणतं औषध कामी आलं, हे केसपेपरवर लिहून घ्या आणि त्याचा फोटो स्वतःजवळ ठेवा. पुढच्या वेळी त्याच आकड्याच्या थोडं खालून सुरू करता येतं. पहिली भेट न दुखता पार पडलेल्या माणसाला तेवढा गॅस बहुधा लागत नाही.